फक्कीच्या भिंती

भिंतीतून आरपार जायचं नाही, एवढा एकच नियम त्या दिवसापुरता होता, आणि सकाळचा पहिला चहा व्हायच्या आत तो मोडलाही गेला होता.

"बाबा, भिंत!" छोटी ओरडली.

थोरला काखेत घडीची खुर्ची आणि हातात चहाचा थर्मास घेऊन एका पांढऱ्या रेषेवर तंगडं टाकून उभा होता. त्याने खाली बघितलं. रेष फक्कीची होती, खेळाच्या मैदानावर मारतात तसली. त्याच्या बुटाने ती जराशी विस्कटली होती.

"मग जायचं कुठून?"

"दारातून. ते काय, तिथे रेष तुटलीय ना, ते दार."

"एवढा वळसा घालू?"

"जन्मभर घालायचाय, बाबा. म्हणून आजच घालून बघ."

थोरला कुरकुरत मागे फिरला, वळसा घालून दारातून आत आला आणि जमिनीवर आखलेल्या आपल्या स्वयंपाकघरात खुर्ची मांडून बसला. वायरमन माणूस. उभा जन्म लोकांच्या भिंतींना भोकं पाडण्यात गेलेला. भिंतीचा मान राखायचा असतो हे त्याला साठी उलटल्यावर कळत होतं, तेही पोटच्या पोरीकडून.

तुतीच्या झाडाखाली बसलेल्या अक्काला हसू आवरेना. अक्का म्हणजे थोरल्याची आणि धाकट्याची मोठी बहीण, आणि आई गेल्यापासून दोघांची आईच. ती हसत होती, कारण चूक एकट्या थोरल्याची नव्हती. त्यांच्या घराण्यालाच दार वाजवायची सवय नव्हती. ज्या भाड्याच्या जागेत ही तीन भावंडं वाढली तिथे एक खोली, एक पडदा आणि एक बाहेरचं दार. बाहेरचं दार दिवसभर उघडं, आणि पडदा कधी धड सरकायचा नाही. वाजवणार काय, पडदा? न्हाऊन आलेल्या माणसाने भिंतीकडे तोंड करायचं आणि बाकीच्यांनी छताकडे बघायचं, एवढीच त्या घरातली आडोशाची सोय.

नानांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ही मोकळी जागा कधीकाळी घेऊन ठेवली होती. दर सुट्टीला ते सगळ्यांना इथे आणायचे, काठीने हवेत खिडक्या दाखवायचे आणि परत त्या एका खोलीत घेऊन जायचे. घर काही झालं नाही. नाना गेले, खोली सोडली, आणि जागेवर फक्त तुतीचं झाड वाढत राहिलं. आता नानांची नात, थोरल्याची मुलगी, घरं आखणारी झाली होती. लोक तिला मॅडम म्हणायचे. घरात ती अजून छोटीच होती.

छोटीने आखलं होतं ते असं. तीन लहान घरं, तिन्हींची तोंडं आत, मध्ये सगळ्यांचं मिळून एक अंगण आणि अंगणात हे झाड. तिन्ही छपरांवरचं पाणी एकाच टाकीत. कपडे धुवायचं मशीन एक, वाळत घालायची दोरी एक, पाहुण्यांची खोली एक. "तीन घरांत तीन पाहुण्यांच्या खोल्या, आणि तिन्ही वर्षभर रिकाम्या! विटा जाळायच्या, सिमेंट ओतायचं, झाडलोट करायची, कुणासाठी?" असं ती तावातावाने म्हणायची. विटा पाडलेल्या इमारतींच्या वापरायच्या होत्या. खिडक्या समोरासमोर ठेवल्या होत्या, म्हणजे वारा एका घरातून निघून अंगण ओलांडून दुसऱ्यात शिरेल.

"वारासुद्धा आमच्यातलाच निघाला," थोरला त्यावर म्हणाला होता. "न विचारता घुसणार."

खोदायचं मशीन उद्या सकाळी येणार होतं, म्हणून आज ही तालीम. कल्पना छोटीची असली तरी तिचं मूळ अक्काकडे होतं. अक्काने हयातभर लोकांचे कपडे शिवले, पण महागाच्या कापडाला कात्री लावायच्या आधी जुन्या चादरीचा नमुना शिवून तो गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवल्याशिवाय तिने कधी पुढचं पाऊल टाकलं नाही. "धावदोरा घालून बघू. उसवायला सोपा," हे तिचं ठरलेलं बोलणं. छोटी त्या शिलाई मशीनच्या पायाशी चिंध्या वेचत मोठी झाली होती. तेव्हा आज घरालाच धावदोरा. सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या, गाद्या, खाटा आणायच्या, फक्कीच्या घरात दिवस काढायचा आणि संध्याकाळी सांगायचं, अंगाला बसलं की नाही.

अक्काला मात्र सांगायला संध्याकाळपर्यंत थांबायची गरज नव्हती. तिचं घर सगळ्यात लहान होतं. एक खोली, एक कोपराभर स्वयंपाकघर, आणि एक दार. सकाळी आल्याआल्या, कुणी बघत नाही असं पाहून, ती त्या दारातून तीन-चारदा आत-बाहेर करून आली होती. नाना गेल्यापासून ती सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे असायची. थोरल्याकडे हॉलमध्ये खाट आणि त्याभोवती पडदा, धाकट्याकडे अभ्यासाच्या खोलीतला सोफा. दोन्हीकडे तिला काही कमी नव्हतं. फक्त तिची बॅग कधी पूर्ण रिकामी व्हायची नाही.

धाकटा आणि त्याची बायको उशिरा आले. धाकटा दातांचा डॉक्टर. त्याची बायको शाळेत गणित शिकवायची, म्हणून घरीदारी सगळे तिला बाईच म्हणायचे. बाई गाडीतून उतरली, पांढऱ्या रेषांकडे तिने वही तपासावी तशी नजर टाकली, आणि धाकटा सरळ दोन भिंतींतून चालत अक्काकडे आला.

"काका, भिंत!"

"अरेच्चा. सॉरी." तो परत दोन भिंतींतून मागे गेला.

थोरला खुर्चीतून न उठता म्हणाला, "अक्का, त्याला म्हणावं, दार तिकडे आहे."

"अक्का, त्याला सांग, मला दिसतंय."

"अक्का, त्याला विचार, दिसतंय तर मग दोनदा भिंतीतून कसा गेला?"

दोघांमध्ये हातभर अंतर. तरी बोलणं अक्काच्या मार्फत. हे गेली दोन वर्षं चाललं होतं, आणि कारण होता एक दात. धाकट्याने थोरल्याची दाढ काढली. थोरल्याचं म्हणणं, दुखत होती ती शेजारची. धाकट्याचं म्हणणं, दोन्ही किडल्या होत्या, एक आधी काढली एवढंच. त्या दिवशी तोंडात बोळा असल्यामुळे थोरल्याला भांडता आलं नाही, आणि बोळा निघाल्यावर त्याने बोलणंच बंद केलं. सख्खे भाऊ एका दाढेपायी अबोला धरून बसलेले. अक्का बिचारी दोघांचे निरोप दोघांच्या समोरच पोचवत असायची.

"चहा घे आधी," अक्का बाईला म्हणाली. "आणि तुझं स्वयंपाकघर बघ, खिडकी कशी झाडासमोर आलीय."

बाईने चहा घेतला. स्वयंपाकघरही बघितलं. मग कप खाली ठेवून ती म्हणाली, "मला एक बोलायचंय. रागावू नका कुणी."

असं म्हटल्यावर रागवायची तयारी सगळ्यांनी लगेच केली.

"मला मध्ये भिंत हवीय," बाई म्हणाली. "खरीखुरी. अंगण आपापलं, फाटक आपापलं. तिन्ही घरांची तोंडं एकमेकांकडे म्हणजे सकाळी केस न विंचरता दार उघडलं की समोर दादा, डावीकडे अक्का, आणि झाडाखाली छोटी नकाशा पसरून बसलेली. मला नाही जमायचं. उद्या पाया खोदल्यावर बोलण्यापेक्षा आज बोलले."

छोटीचा चेहरा पडला. दोन वर्षं ती या अंगणासाठी झटत होती. धाकटा बुटाच्या टोकाने माती उकरायला लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात कापूस कोंबून प्रश्न विचारणारा हा माणूस घरच्या बैठकीत मात्र स्वतःच तोंडात कापूस असल्यासारखा बसायचा.

"अक्का, त्याला विचार," थोरला म्हणाला, "हे त्याचंही मत आहे का?"

"अक्का, त्याला सांग, माझं काही नाही. पण हिला नको असेल तर..."

"म्हणजे आहे!"

आता तापणार हे अक्काने ओळखलं, आणि जन्मभर जे केलं तेच तिने केलं. ती मध्ये पडली.

"अरे, मग घालून बघू ना भिंत. छोटे, आहे ना फक्की शिल्लक? पुसून दुसरं आख. कपडा अंगावर चढवल्याशिवाय कसं कळणार?"

"पण आत्या, वाटण्या केल्या की सगळं तीनदा येतं. तीन टाक्या, तीन जिने, गाड्या लावायच्या तीन जागा. या दोघांची घरं बसतील. तुझ्यासाठी जे उरेल ते..."

"मला काय, एक खोली पुरे," अक्का म्हणाली. "मला चालेल."

हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की म्हणताना तिला ते ऐकूही यायचं नाही.

छोटीने दात-ओठ खात सकाळच्या रेषा झाडूने पुसल्या आणि नव्या मारल्या. एका बाजूला थोरल्याचं घर, दुसऱ्या बाजूला धाकट्याचं, आणि मध्ये अक्काची पट्टी. पट्टीच म्हणायला हवी, कारण तिच्या तोंडाशीच तुतीचं झाड आलं होतं.

"आणि झाड?" थोरल्याने विचारलं.

"झाड जाईल," छोटी रेषेवरून मान वर न करता म्हणाली.

अक्काची खाट थोरला आणि छोटी मिळून पट्टीत घेऊन आले. आडवी ठेवली तर पाय थोरल्याच्या घरात जात होते. उभी ठेवली तर बसत होती, पण मग शिलाई मशीनला जागा नव्हती. मशीन ठेवलं तर दाराशी वाट नव्हती.

"मशीनवरून उडी मारून येईन की," अक्का म्हणाली. "व्यायाम होईल."

कुणी हसलं नाही. बाई आपल्या ऐसपैस घरात उभी राहून इकडेच बघत होती, आणि अक्काशी नजरानजर होताच तिने पटकन दुसरीकडे पाहिलं.

जेवण, म्हणजे उकडलेली अंडी, पाव आणि केळी, प्रत्येकाने आपापल्या भिंतीआड केलं. नियमच होता. मीठ थोरल्याकडे राहिलं होतं. ते धाकट्याला हवं होतं, पण मागायचं अक्काच्या मार्फत, आणि अक्काच्या पट्टीतून बाहेर पडायचं तर मशीन आडवं. धाकट्याने अंडं अळणीच खाल्लं. मग ऊन चढलं, अक्काने तोंडावर पातळ रुमाल टाकला आणि झाडाच्या बुंध्याला खुर्ची टेकवून डोळे मिटले.

झोप कसली लागतेय. ती या झाडाला मनातल्या मनात सांगत होती, की बाबा रे, तुझं काही खरं नाही आणि माझंही. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, तेच बरं होतं म्हणायची पाळी. पट्टीत राहायचं म्हणजे आयुष्यभर दोन घरांच्या मध्ये अंग चोरून राहायचं. ते तर ती आत्ताही करत होती, त्याला नवीन बांधकाम कशाला? पण हे बोलायचं कुणाशी आणि कसं? तिने कधी काही मागितलंच नव्हतं. मागायचं कसं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

मग खरंच डोळा लागला. गुंगीत तिला कुणाची तरी पावलं ऐकू आली, झाडूचा खरखराट आला. थोड्या वेळाने पुन्हा पावलं, पुन्हा खरखर. मग आणखी एकदा. छोटी काहीतरी नीट करत असेल, असं वाटून तिने मान दुसरीकडे कलती केली.

ती जागी झाली ती आरडाओरड्याने.

"काका, तुझं बाथरूम कुठे गेलं?" छोटी हातात टेप घेऊन धाकट्याच्या घरात गरगर फिरत होती. नळावर पाणी भरायला म्हणून ती गेली होती, आता परत आली होती. "इथे होतं! मी स्वतः आखलं होतं!"

धाकटा उठून उभा राहिला. त्याने आपल्या घराकडे बघितलं. त्याचा चेहरा खरोखर चकित झालेला होता.

"सगळंच्या सगळं बाथरूम?" तो म्हणाला. "अक्का, त्याला विचार, माझं बाथरूम कुठे नेलं?"

"मी?" थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अक्का, त्याला सांग, इथे माझं अर्धं स्वयंपाकघर गायब आहे! मला ओटा उरला नाही, मी याचं बाथरूम घेऊन काय करू?"

"त्याला सांग, घेणाऱ्याने घेतलं असेल!"

"त्याला सांग, घ्यायची सवय कुणाची ते माझ्या दाढेला विचार!"

"थांबा!" छोटी किंचाळली. "बाबांचं गेलं. काकाचंही गेलं. जमीन काही उडून जात नाही. मग आलं कुणाकडे?"

सगळ्यांनी एकदम अक्काकडे बघितलं. अक्काने आजूबाजूला बघितलं. तिची पट्टी आता पट्टी नव्हती. खाट आडवी मावत होती, मशीन मावत होतं, वर नाचायला जागा उरली होती. दोन भावांच्या मधोमध बहिणीचा हॉल झाला होता.

"मी नाही हं," अक्का म्हणाली. "मी झोपले होते."

छोटीने एकेकाला नीट न्याहाळलं. थोरल्याच्या काळ्या पँटचे दोन्ही गुडघे पांढरे झाले होते. धाकट्याची बोटं, जी तो एरवी शंभरदा धुवायचा, पांढरी होती. आणि बाईच्या चपलांवर फक्की होती, तिच्या ओढणीवर फक्की होती, एका कानावरही फक्की होती.

"काकू, तू सुद्धा?"

बाई लालबुंद झाली. "मी थोडीशीच सरकवली. एवढीशी. ती खाट बघवेना मला. सगळे पेंगत होते म्हटल्यावर..."

"तू सरकवलीस?" धाकटा म्हणाला. "अगं, मी आधीच सरकवली होती!"

"मला काय माहीत? तुम्ही सांगितलंत का मला?"

"तू सांगितलंस का मला?"

"म्हणून बाथरूम गेलं!" छोटीने कपाळावर हात मारला. "आधी काकाने कापलं, मग काकूने उरलेलं कापलं. आणि बाबा?"

थोरला गुडघे झटकत होता, जणू फक्की झटकली की गुन्हाही झटकला जाईल. "मला काय, आम्हा बापलेकीला ओटा कशाला मोठा? पण अरे गाढवा," तो धाकट्याकडे वळला, "बाथरूम कापतात का? कापायचंच होतं तर एखादं कपाट कापायचं!"

"आणि तू स्वयंपाकघर कापलंस ते? जेवणार कुठे तू, दादा?"

"तुझ्याकडे आलो असतो!"

"मग सांगायचं ना तसं!"

"तू माप घेऊन कापलंस का कधी काही? एक काढायचं आणि शेजारचं काढायचं, जन्माची खोड तुझी!"

धाकट्याने तोंड उघडलं आणि तो हसला. थोरल्यालाही हसू फुटलं, त्याने ते खोकून दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. दोन वर्षांनी ते एकमेकांशी बोलत होते आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. छोटीने बाईच्या हाताला चिमटा काढला. दोघी श्वास रोखून बघत राहिल्या.

आणि अक्का रागावली.

असा राग तिला कधी आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. ती खुर्चीतून उठली. "मला विचारलंत कुणी?" ती म्हणाली.

हसणं थांबलं.

"तिघांनी चोरून जागा दिलीत. एकानेही मला विचारलं नाही. मी झोपले म्हणून माझ्या अंगावर पांघरूण घालावं तशी जागा घातलीत. तुमच्या ओट्याचं आणि तुमच्या बाथरूमचं ठिगळ जोडून मला घर? नको मला तसलं. तुम्ही दोघं माझ्यामुळे अवघडून राहणार आणि मी तुमच्यामुळे. आत्ता काय वेगळं चाललंय?"

"अक्का, तसं नाही गं," थोरला म्हणाला.

"तूच म्हणालीस ना, मला चालेल," धाकटा म्हणाला.

"म्हणाले. जन्मभर तेच म्हणत आले. नाही चालत मला." ती थांबली नाही. "मला सकाळी आखलं होतं ते घर हवंय. तेवढंच. लहानच. त्यात कुणाचं काही कापायला लागत नव्हतं. मला दार हवंय, माझं स्वतःचं, आतून कडी असलेलं. मनाला येईल तेव्हा ते लावेन. आणि उघडलं की समोर तुम्ही सगळे दिसायला हवेत, भिंत नको. मला दोन्ही हवंय. हावरट म्हणा पाहिजे तर."

एक पिकलेली तुती टपकन छोटीच्या नकाशावर पडली आणि तिचा जांभळा डाग पसरला.

मग बाई हळूच म्हणाली, "मलाही तेच हवंय, अक्का."

"भिंत हवीय ना तुला?"

"मला भिंत कुठे हवीय! मला दार हवंय." बाईचे डोळे भरून आले होते. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून तुमच्या घरात कुणी कधी दार वाजवलं नाही. मी साडी नेसत असले की नाना पेपर शोधत आत. मी रडत असले की हे बॅटरी शोधत आत. आमच्या नव्या घरात दारं आहेत चांगली चार, तरी दादा येतात ते थेट फ्रिजपर्यंत. आणि तुम्ही..."

"मी?"

"तुम्ही उशांचे अभ्रे बदलायला येता. रविवारी सकाळी. आम्ही झोपलेलो असताना."

अक्का तिच्याकडे बघतच राहिली. "मी वाजवत नाही दार?"

"कधीच नाही."

"अगंबाई." अक्का खाली बसली. तिला हसावं की लाजावं कळेना. पडद्याच्या घरात वाढलेल्या माणसाने दार वाजवायला शिकायचं कुठे? आणि ही पोरगी इतकी वर्षं तोंडातून ब्र न काढता उशा देत राहिली. स्वतःला दार नाही म्हणून हळहळताना दुसरीच्या दारातून आपण बिनदिक्कत ये-जा करत होतो, हे तिला आजवर दिसलंच नव्हतं. "मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

अक्काने बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्यावर हात थोपटला. बाई येऊन बसली, अर्थात भिंतीतून. या वेळी छोटी ओरडली नाही. ती मान खाली घालून नकाशाच्या पाठीवर भराभर काहीतरी काढत होती.

"ऐका," ती म्हणाली. "घरं मागे सरकवायची. पार कडेला. पुढे सगळ्यांचं अंगण, सकाळचं होतं तेच. पण प्रत्येक घराला मागच्या बाजूला आपापला व्हरांडा, बाहेरच्या दिशेला तोंड केलेला. तिथून कुणाला कुणी दिसणार नाही. तिथे हाक मारल्याशिवाय, दार वाजवल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. केस पुढच्या दारी विंचरून यायचे की मागच्या दारी पसरून बसायचं, ज्याची त्याची मर्जी. काकू?"

बाईने नकाशा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "आणि तो व्हरांडा माझा? फक्त माझा?"

"हवं तर काकालासुद्धा वाजवायला लावू."

"लावाच," बाई म्हणाली.

"आणि झाड?" थोरल्याने पुन्हा विचारलं.

"झाड राहतंय, बाबा."

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. ऊन कलायला लागलं होतं आणि फक्की संपत आली होती. थोरल्याने खिशातून सुतळी काढली. एक टोक त्याने धरलं, दुसरं धाकट्याने, आणि छोटी सुतळीच्या कडेने रेष मारत गेली. "ताण, ताण!" "ताणतोय की, दाढ आहे का ती?" असं दोघांचं अखंड चाललं होतं. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बहुतेक आजच बोलून संपवायचा त्यांचा विचार असावा. बाईने पायांनी मोजून व्हरांडा बघितला, तिथे खुर्ची नेऊन ठेवली, अंगणाकडे पाठ करून ती थोडा वेळ एकटी बसली आणि उठून आली तेव्हा गुणगुणत होती. शेवटचं घर अक्काचं. पिशवी झटकून झटकून छोटीने तिन्ही बाजूंच्या रेषा कशाबशा पुऱ्या केल्या. पुढच्या बाजूला, दाराच्या अलीकडे आणि पलीकडे, अंधुक पांढरं उमटलं.

"दाराला पुरली नाही," छोटी म्हणाली.

"दाराला फक्की लागतेच कुठे?" अक्का म्हणाली. "तिथे काही नसतं म्हणून तर ते दार."

सामान गाडीत चढायला लागलं. भाऊ खाटेवरून वाद घालत होते, म्हणजे सगळं ठीक होतं. छोटी उद्याच्या मशीनवाल्याशी फोनवर बोलत होती, आणि तिचा आवाज आनंदाने जरा जास्तच चढला होता. अक्का आपल्या घरात उभी राहिली. तिच्याजवळ आता फक्त एक घडीची खुर्ची उरली होती. मशीन कुठे ठेवायचं, उजेड कुठून येईल, बॅग रिकामी करून कुठल्या कपाटावर टाकायची, हे सगळं ती बघून घेत होती.

"टक टक."

तिने वळून बघितलं. दोन अंधुक रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेबाहेर बाई उभी होती. पाऊल रेषेच्या बाहेरच, एक हात मुठीसारखा हवेत. थर्मासमधला शेवटचा चहा दोन कपांत घेऊन आली होती.

"टक टक," बाई पुन्हा म्हणाली. "अक्का, आत येऊ का?"

या वयापर्यंत अक्काला हे कुणी विचारलं नव्हतं. या प्रश्नाला काय म्हणायचं असतं तेही क्षणभर तिला सुचेना. मग तिने डोळे पुसले, केसांवरून हात फिरवला, ओढणी सारखी केली. खुर्ची उगाचच थोडी इकडची तिकडे केली. बाई बाहेर थांबली होती. थांबू दे की जरा, अक्काच्या मनात आलं, आणि तिला भारी मजा वाटली.

"आले हं," ती आतून म्हणाली, आणि सावकाश चालत जाऊन तिने आपलं दार उघडलं.